ऑपरेशन थिएटरातली थंडी कोणाच्या सोयीची?

थंडीची भीती आपल्याकडे काही कमी नाही. ती चुकीच्या खोलीत मुक्कामाला असते, एवढेच.

इंदापूर तालुक्यातल्या शेळगावचे उदाहरण घ्या. शेजारच्या अंथुर्ण्याचे किंवा निमगाव केतकीचे घेतले तरी फरक पडणार नाही. सिझर झालेली सून इंदापूरहून किंवा बारामतीहून घरी येते ती कान बांधूनच. खोलीच्या खिडक्या लागतात, बाजेखाली शेगडी सरकते, निखाऱ्यांवर ओवा आणि बाळंतशेपा पडतात, धूर कोंडतो. वैशाखात बाहेर चाळीस अंशांचे ऊन असले तरी यात सवलत नाही. "अंगात गारवा शिरला तर जन्माचं दुखणं लागतं," असे थोरल्या बायका सांगतात आणि त्यावर कुणी उलट बोलत नाही. पण या बाईचे अंग खरोखर गार पडायची वेळ चार-पाच दिवसांपूर्वीच येऊन गेलेली असते. मागून उघडा पातळ गाऊन, डोक्यावर एसीचा झोत, पोटावर थंडगार औषधाचे बोळे, हातात खोलीच्या तापमानाची सलाइन. ती थरथरते, दात वाजतात. आतली माणसे तिला सांगतात, "इंजेक्शनमुळं होतं, थांबेल आपोआप." बाहेर बसलेल्या सासूला तर यातले काही कळतच नाही.

थरथर आपोआप थांबते, हे खरे. मात्र आपोआप थांबणारे सगळेच निरुपद्रवी असते, असा नियम वैद्यकात नाही.

आधी शरीरात काय घडते ते पाहू, कारण वाद तिथेच स्वच्छ होतो. निरोगी माणसाच्या शरीराच्या आतल्या भागाचे, म्हणजे हृदय, मेंदू, यकृत यांचे तापमान ३७ अंश सेल्सिअसच्या आसपास असते. हातापायांचे त्याहून बरेच कमी असते. बाहेर गारठा असला की कातडीजवळच्या रक्तवाहिन्या आवळतात आणि आतली ऊब आत कोंडून ठेवतात. भूल दिली की हा पहारा उठतो. वाहिन्या सैल पडतात, आतले गरम रक्त हातापायांकडे धावते आणि पहिल्या तासाभरातच आतले तापमान एक ते दीड अंशाने उतरते. एवढी घसरण एसी नसतानाही होते. त्यात उघडे अंग, उघडे पोट आणि बाटलीतला थंड द्रव यांची भर पडते. खोलीच्या तापमानाची एक लिटर सलाइन मोठ्या माणसाचे सरासरी तापमान साधारण पाव अंशाने खाली आणते. मणक्यातून भूल दिलेली असेल तर आणखी एक फसगत होते. कमरेखालचा भाग गरम लागतो, त्यामुळे आतून गार पडत चाललेल्या रुग्णाला आपण गार पडतो आहोत याचा पत्ताच लागत नाही. "काय मावशी, थंडी वाजते का?" एवढे विचारून भागत नाही, मोजावे लागते. आतले तापमान ३६ अंशांखाली गेले की त्याला हायपोथर्मिया म्हणतात.

याने बिघडते काय? १९९६ मध्ये आतड्याच्या शस्त्रक्रिया झालेल्या २०० रुग्णांचा एक अभ्यास 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये छापून आला. ज्यांना ऊब दिली नव्हती, ज्यांचे तापमान पस्तिशीच्याही खाली घसरले होते, त्यांच्यापैकी १९ टक्क्यांची जखम चिघळली. ज्यांना उबदार ठेवले त्यांच्यापैकी फक्त ६ टक्क्यांची. गार पडलेल्यांना दवाखान्यात सरासरी अडीच दिवस जास्त राहावे लागले. कारण गूढ नाही. थंडीने जखमेकडचा रक्तपुरवठा आटतो, तिथे प्राणवायू कमी पोचतो, जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी मंदावतात. रक्त गोठवणाऱ्या प्रक्रिया ढिल्या पडतात म्हणून रक्तस्राव वाढतो. औषधे शरीरात जास्त वेळ रेंगाळतात म्हणून शुद्ध उशिरा येते. थरथरणारे शरीर नेहमीपेक्षा कितीतरी जास्त प्राणवायू खाते. तरण्याताठ्या माणसाला ते झेपते, म्हाताऱ्या हृदयाला झेपेलच असे नाही.

इथे वाचकांतला एखादा डॉक्टर मला थांबवील, आणि त्याने थांबवावेच. २०२२ मध्ये 'लॅन्सेट'ने पाच हजारांहून अधिक रुग्णांवरचा एक मोठा अभ्यास छापला. चीनमधली बारा रुग्णालये आणि अमेरिकेतले क्लीव्हलँड क्लिनिक यांत तो झाला. एका गटाला ३७ अंशांवर ठेवले, दुसऱ्याला साडेपस्तीसवर. हृदयविकार, जंतुसंसर्ग, मृत्यू यांत दोन्ही गटांत म्हणण्यासारखा फरक निघाला नाही. मग हा सगळा आटापिटा कशाला? उत्तर दोन भागांत आहे. त्या अभ्यासात ज्यांना 'कमी उबदार' म्हटले तेही साडेपस्तीसच्या खाली जाऊ नयेत, यासाठी माणसे पहाऱ्यावर होती. पस्तीस, चौतीस अंशही चालतात, असे तो अभ्यास कुठेही म्हणत नाही. आणि रुग्ण साडेपस्तीसवर आहे की चौतीसवर, हे कळायला तापमान मोजावेच लागते. न मोजणाऱ्याने या अभ्यासाचा आधार घेऊ नये. माझ्या दृष्टीने या गोष्टीतला सर्वांत मोलाचा धडा वेगळाच आहे. १९९६ च्या आणि २०२२ च्या, दोन्ही अभ्यासांत डॅनिएल सेसलर हे एकच नाव आहे. ज्या निष्कर्षाने नाव झाले तोच निष्कर्ष या माणसाने पंचवीस वर्षांनी पंचवीसपट रुग्ण घेऊन पुन्हा तपासायला काढला, आणि उत्तर आपल्या सोयीचे आले नाही तरी छापले. विवेक तो हाच. आपल्याकडच्या किती रूढींनी, घरातल्या असोत की दवाखान्यातल्या, अशी परीक्षा दिली आहे?

दवाखान्यातल्या रूढी, असे मी मुद्दाम म्हणतो. महाराष्ट्राने २०१३ मध्ये जादूटोणाविरोधी कायदा केला. त्यासाठी एका डॉक्टरला, नरेंद्र दाभोलकरांना, प्राण द्यावे लागले. त्या कायद्याने बुवाला आणि मांत्रिकाला हात घालता येतो. पांढऱ्या कोटाच्या खिशात जपलेल्या समजुतींना मात्र कायदा लागत नाही, आणि लागूही नये. त्यांचा समाचार पुराव्यानेच घ्यायचा असतो. अशी एक समजूत म्हणजे 'ओटी थंड असली की जंतू वाढत नाहीत.' ती वॉर्डबॉयपासून बड्या सर्जनपर्यंत सगळ्यांच्या तोंडी असते. जंतूंना रोखतात ते हात धुणे, निर्जंतुक केलेली हत्यारे, गाळून आत सोडलेली आणि वारंवार बदलली जाणारी हवा, आणि काप घेण्यापूर्वी वेळेवर दिलेले प्रतिजैविक. खोली अठरा अंशांवर ठेवली म्हणून जंतू आत यायचे थांबत नाहीत. जंतू वाढायचे तर जखमेत वाढतात, आणि जखमेची ऊब शरीराची असते, खोलीची नव्हे. खोली गारठवून आपण जंतूंचे काहीच बिघडवत नाही, त्यांच्याशी लढणाऱ्या पेशींचे मात्र बिघडवतो. आपल्याकडचे मान्यताप्राप्त निकषही ऑपरेशन थिएटरचे तापमान साधारण २१ अंश, त्यात तीन अंश इकडे-तिकडे, असे सांगतात. ब्रिटनच्या 'नाइस' या संस्थेने २००८ मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या. रुग्णाचे अंग उघडे असेपर्यंत खोली किमान २१ अंश असावी, भूल देण्यापूर्वी रुग्णाचे तापमान ३६ च्या वर असल्याची खात्री करावी, शस्त्रक्रिया चालू असताना दर अर्ध्या तासाने ते मोजावे आणि अर्धा लिटरपेक्षा जास्त सलाइन द्यायची तर ती कोमट करून द्यावी, असे त्यात लिहिले आहे. यात न समजण्यासारखे काय आहे?

मग खोली थंड का असते? सर्जनला उकडते म्हणून. हे थट्टेवारी नेण्याचे कारण नाही. जाड गाऊन, मास्क, दुहेरी हातमोजे, डोक्यावर प्रखर दिवे, कधी शिशाचा अवजड ॲप्रन, आणि तासन्‌तास उभे राहून करायचे एकाग्रतेचे काम. त्याच्या कपाळावरचा घाम जखमेत पडणे कोणालाच परवडणार नाही. त्याला गारवा हवा, ही मागणी रास्त आहे. मात्र 'मला उकडते' असे सरळ म्हटले तर मार्ग निघतो. रुग्णाला झाकून, पांघरुणातून गरम हवा सोडून खोली थोडी थंड ठेवता येते. रुग्णाचे अंग उघडे असताना खोली उबदार ठेवून, तो झाकला गेल्यावर एसी वाढवता येतो. 'जंतूंसाठी थंड लागते' असे म्हटले की मार्ग बंद होतो, कारण स्वतःच्या सोयीला शास्त्राचा सोवळा वेष चढलेला असतो आणि त्याला हात लावणारा अडाणी ठरतो. हा वेष पुरोहिताने चढवला तर आपण त्याला ढोंग म्हणतो.

एवढे सगळे ठाऊक असूनही होत का नाही, हा खरा प्रश्न आहे. डॉक्टरांना कळत नाही, असे मला वाटत नाही. भूलतज्ज्ञाच्या पाठ्यपुस्तकात हे पानेच्या पाने भरून लिहिलेले आहे. माहिती आणि कृती यांच्यामध्ये काहीतरी अडते. काय अडते हे आपण ऐकीव गप्पांवर ठरवतो. कोणी पैसा म्हणतो, कोणी आळस, कोणी सरकार. ऑस्ट्रेलियात संशोधक ज्यूडी मंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इथेच वेगळी वाट धरली. रुग्णाला उबदार ठेवताना काय आडवे येते, हे त्यांनी सर्जन, भूलतज्ज्ञ, परिचारिका अशा सर्वांना विचारले. आणि पुढे हे अडथळे मोजता यावेत म्हणून एक प्रश्नावली बनवून ती तपासून घेतली. ताप मोजायला जसे उपकरण लागते तसेच अडथळे मोजायलाही लागते, ही साधी गोष्ट आहे. आपल्याकडे मात्र ती कोणाला सुचली तर तो 'फॉर्म भरायचा उद्योग' ठरतो.

आपल्या तालुका-जिल्ह्याच्या ठिकाणच्या रुग्णालयांत असे मोजले तर काय सापडेल? थिएटरात काम केलेल्या कोणाशीही चहाच्या टपरीवर मोकळेपणी बोलून पाहा. मॉनिटरला तापमानाची वायर लावायची जागा असते, वायर नसते. किंवा असते, पण 'हरवेल' म्हणून कपाटात असते आणि किल्ली सुट्टीवर गेलेल्या सिस्टरकडे असते. गरम हवेचे वॉर्मर-यंत्र कुठल्याशा योजनेतून आलेले असते, पण त्यावर लागणारी पांघरुणे एकदाच वापरायची असतात आणि ती संपल्यावर पुन्हा मागवायची हे कोणाच्याच डोक्यात नसते. नोंदीच्या कागदावर तापमानाचा रकाना असतो, आणि तो न मोजता भरलेला असतो. सगळ्यांना एकच आकडा, सगळे नॉर्मल. असे का, याचेही कारण आहे. ज्या व्यवस्थेत ३५.२ असा खरा आकडा लिहिणाऱ्याला 'खुलासा द्या' अशी नोटीस निघते आणि नॉर्मल लिहिणारा निर्धास्त घरी जातो, तिथे शहाणा माणूस नॉर्मलच लिहिणार. त्याला खोटारडा म्हणण्याआधी आपण त्याच्याकडून काय मागितले ते आठवावे.

शिवाय हे काम नेमके कोणाचे? सर्जनला वाटते भूलतज्ज्ञाचे, भूलतज्ज्ञाला वाटते सिस्टरचे, सिस्टरला वाटते वॉर्डातूनच रुग्णाला पांघरूण घालून पाठवायला हवे होते. वॉर्डातल्या मावशीला सांगितलेले असते की बाहेरचे कापड ओटीत न्यायचे नाही. तेव्हा तिने दारातच रुग्णाच्या अंगावरची वाकळ काढून नातेवाइकाच्या हातात दिलेली असते. तिचेही चुकले नाही, घरची वाकळ आत जाता कामा नये. पण बदल्यात दवाखान्याचे धुतलेले पांघरूण द्यायचे, हा नियमाचा दुसरा अर्धा भाग कोणी लिहिलाच नाही. मग रुग्ण त्या पातळ गाऊनवर पॅसेजमध्ये स्ट्रेचरवर वाट पाहत पडतो, कधी अर्धा तास, कधी तास. आदल्या रात्रीपासून पोटात अन्न नाही, पाणी नाही. (स्वच्छ पाणी भुलेच्या दोन तास आधीपर्यंत चालते, असे भूलशास्त्रच सांगते, तरी 'रात्री दहानंतर थेंब नाही' हे व्रत चालूच आहे. त्याचा हिशेब पुन्हा कधीतरी.) भूल मिळण्यापूर्वीच त्याचे हातपाय गार पडलेले असतात, आणि त्याच वेळी दहा-वीस मिनिटे ऊब दिली असती तर पुढची घसरण बरीच आवरता आली असती.

सगळ्यांत मोठा अडथळा मात्र डोळ्यांना दिसत नाही. जखम चिघळते ती आठव्या-दहाव्या दिवशी. तोवर रुग्ण शेळगावात पोचलेला असतो. टाक्यांतून पाणी यायला लागले की तो गावातल्याच डॉक्टरकडे जातो, ड्रेसिंग करतो, महागडी इंजेक्शने घेतो, मजुरी बुडवतो. घरात चर्चा होते ती कोणी पथ्य मोडले याची. सुनेने भात खाल्ला का? वांगे खाल्ले का? कान उघडे ठेवले का? ज्यांनी शस्त्रक्रिया केली त्यांना हे कधी कळतच नाही, कळले तरी त्याचा त्या दिवशीच्या तापमानाशी मेळ घालता येत नाही, कारण तापमान नोंदलेलेच नाही. परिणाम एका गावात आणि कारण दुसऱ्या गावात, अशी फाळणी झाली की कोणीच शिकत नाही. दोष सुनेच्या ताटात शोधला जातो.

"खेड्यातली माणसं काटक असतात, त्यांना काही होत नाही," हा आक्षेप मी शिकलेल्या लोकांच्या तोंडून ऐकला आहे. शरीरशास्त्र नेमके उलटे सांगते. बारीक, अशक्त, वयस्क माणूस लवकर गार पडतो. अंगावर चरबी असलेला सावकाश. बारामती-इंदापूरच्या उसाच्या फडात राबणाऱ्या बाईच्या अंगावर चरबी कुठून येणार? याच धंद्यातली एक गोष्ट सांगतो. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांची गर्भाशये सरसकट काढली जात असल्याची ओरड झाली, तेव्हा २०१९ मध्ये राज्याने समिती नेमून मोजणी केली. सुमारे ८२ हजार महिलांपैकी १३ हजारांहून अधिक जणींची गर्भाशये काढलेली निघाली. मोजणी होईपर्यंत हा आकडा समाजाच्या लेखी नव्हताच. त्या बायकांची ऑपरेशने मुळात आवश्यक होती का, हा पहिला प्रश्न. त्यांतल्या किती जणी टेबलावर गारठल्या, हा प्रश्न तर कोणाच्या मनातही आला नसेल. काटकपणाचे कौतुक बहुधा ज्याला ऊब द्यायची नसते त्याचेच केले जाते.

दुसरा आक्षेप पैशाचा. सरकारी दवाखान्यात औषधे नाहीत आणि तुम्ही ऊब मागता! पैसा हा अडथळा आहेच, काही ठिकाणी तोच पहिला असेल. पण कुठल्याही कापडाचा एक थर अंगावर असला तरी कातडीतून जाणारी उष्णता साधारण तीस टक्क्यांनी कमी होते. जेवढा भाग कापायचा आहे तेवढाच उघडा ठेवणे फुकट आहे. रुग्ण आत येताना एसीचे बटण दाबणे फुकट आहे. यंत्र हवेच, पण किल्लीची अडचण असलेल्या जागी दुसरे यंत्र विकत घेतले तर तेही कुलपात जाईल. म्हणून आधी मोजा, मग खरेदी करा. एक इशारा मात्र इथेच दिला पाहिजे: रबरी मोज्यात किंवा बाटलीत गरम पाणी भरून भूल दिलेल्या रुग्णाच्या अंगाला लावू नये. त्याला चटका कळत नाही आणि कातडी भाजते. सद्भावनेने केलेला जुगाडही मोजमापाशिवाय घातकच असतो.

आपल्या लोकांना हे जमणार नाही, असे ज्यांना वाटते त्यांनी गडचिरोलीकडे पाहावे. अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने खेड्यातल्या जेमतेम शिकलेल्या बायकांना नवजात बाळ तपासायला शिकवले. श्वास मोजणे, वजन करणे, थर्मामीटरने तापमान पाहणे, बाळ गार पडले तर त्याला कसे गुंडाळायचे आणि उबदार पिशवीत कसे ठेवायचे. या कामाच्या निष्कर्षांचा लेख १९९९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आला. त्या गावांतले नवजात बालकांचे मृत्यू साठ टक्क्यांहून अधिक घटले होते. पुढे ही पद्धत देशभरातल्या आशा कार्यकर्त्यांच्या कामात आली. आज शेळगावच्या आशाताईच्या पिशवीत डिजिटल थर्मामीटर असणे अपेक्षित आहे, आणि बाळंतपणानंतर बेचाळीस दिवसांपर्यंत तिने ठरावीक दिवशी घरी जाऊन बाळाचे तापमान बघायचे असते. म्हणजे गावाच्या वाडीवस्तीवर, कुडाच्या घरात मोजमाप पोचू शकते. वातानुकूलित थिएटरात, पदव्यांच्या गर्दीत ते पोचत नाही, याची लाज कोणाला वाटायला हवी?

सिझरच्या खोलीत तर हा विरोधाभास एका नजरेत मावतो. बाळासाठी कोपऱ्यात वॉर्मर तापत ठेवलेला असतो. बाळ निघाले की पुसून, गुंडाळून त्याखाली जाते. प्रसूतीच्या खोलीत किमान २५ अंश तापमान असावे, असे जागतिक आरोग्य संघटनेने नवजात बाळासाठी १९९७ मध्येच सांगून ठेवले. त्याच खोलीत, चार हातांवर, त्या बाळाची आई दात वाजवत पडलेली असते. बाळासाठी नियम झाला कारण बाळांचे मृत्यू मोजले गेले. आईची थरथर कोणी मोजली नाही.

मोजणे पुरेसे नाही, हेही कबूल करायला हवे. समजा सिस्टरने मोजले, ३५.४ निघाले. आता तिने काय करायचे? "सर, एसी कमी करू का?" एवढे वाक्य उच्चारायला आपल्या कित्येक थिएटरांत धाडस लागते. रिमोट सर्जनच्या मर्जीने चालतो. तिथे वय, जात, पद, स्त्री-पुरुष हे सगळे भेद हिरवे कपडे घालून उभे असतात. अतुल गवांदे यांनी, ज्यांचे वडील विदर्भातल्या उटी या खेड्यातून अमेरिकेत गेलेले सर्जन, जागतिक आरोग्य संघटनेसाठी शस्त्रक्रियेपूर्वीची तपासणी-यादी बनवायला मदत केली. आठ शहरांत, त्यात आपली दिल्लीही होती, ती वापरून पाहिली आणि २००९ मध्ये निष्कर्ष आले: मृत्यूचे प्रमाण दीड टक्क्यावरून ०.८ टक्क्यावर उतरले होते. त्या यादीत काप घेण्यापूर्वी सगळ्यांनी आपापले नाव आणि काम सांगायचे असते, सर्जननेही आणि सिस्टरनेही. अनेकांना तो पोरकटपणा वाटतो. मला तो यादीतला सर्वांत क्रांतिकारक भाग वाटतो. ज्याने एकदा नाव उच्चारले त्याला दुसऱ्यांदा तोंड उघडणे सोपे जाते. तापमान मात्र त्या एकोणीस कलमांत नाही. विसावे कलम आपल्या रुग्णालयांनी स्वतः लिहायला कोणाची हरकत आहे?

म्हणूनच अडथळ्यांची मोजणी वरिष्ठाने कनिष्ठाला समोर उभे करून करायची नसते. नाव न लिहिता, पदानुसार वेगवेगळी करावी, आणि त्यात स्ट्रेचर ढकलणाऱ्या मामांना आणि फरशी पुसणाऱ्या मावशींनाही विचारावे; थिएटरातले खरे वेळापत्रक त्यांनाच माहीत असते. उत्तरांवरून कोणाला नोटीस काढायची नाही, हे आधी लेखी द्यावे. बारामतीत २०१९ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. तिथल्या विद्यार्थ्यांना एवढा अभ्यास करणे मुळीच जड नाही. बारामती आणि इंदापूर तालुक्यांतल्या सरकारी आणि खासगी थिएटरांत तीन महिने रुग्णांचे तापमान मोजावे आणि त्याच वेळी कर्मचाऱ्यांना प्रश्न विचारावेत. कुठे कशामुळे अडते ते आकड्यांनिशी समोर येईल. खासगी नर्सिंग होमवाले 'आम्हाला वेळ नाही' म्हणतील. त्यांना बिल करायला वेळ कुठून सापडतो, हे विचारायचे.

आता आपल्याबद्दल, म्हणजे दाराबाहेर बसणाऱ्यांबद्दल. आपल्या भागात कुठल्याही पुढाऱ्याचा वाढदिवस आला की दवाखान्यात फळवाटप आणि ब्लँकेटवाटप ठरलेले. केळी आणि सफरचंदे बऱ्याचदा अशा माणसाच्या हातात ठेवली जातात ज्याला सकाळपासून काही खायचे नाही, आणि ब्लँकेट अंगावर पडते ते फोटोपुरते. त्यातले एकही थिएटरच्या दारापर्यंत जात नाही, कारण तिथे फोटो काढू देत नाहीत. हे आपण टाळ्या वाजवून चालू देतो. त्याच रुग्णालयाला रुग्ण कल्याण समिती असते, तिच्या हाती थोडाफार निधी असतो, तिच्या बैठका होतात. त्या बैठकीत काय ठरले, हे गावातल्या किती जणांनी कधी विचारले? घरी शेगडीच्या धुराने बाळाचा जीव घुसमटतो हे आशाताई सांगते तेव्हा आपण तिला उडवून लावतो, आणि दवाखान्यात 'असंच असतं' म्हटले की मान डोलावतो. एका ठिकाणी रूढीपुढे आणि दुसऱ्या ठिकाणी पदवीपुढे, मान तीच वाकते.

तेव्हा पुढच्या वेळी घरातले कोणी ऑपरेशनला निघाले की डॉक्टरांना नम्रपणे, पण उत्तर मिळेपर्यंत विचारा: भूल देण्यापूर्वी तापमान किती होते, बाहेर आणले तेव्हा किती होते, आणि हे दोन आकडे डिस्चार्ज कार्डावर लिहून द्याल का? चांगला डॉक्टर या प्रश्नाने चिडणार नाही. कित्येकांना तो हवाच आहे, कारण प्रशासनाकडे वायर आणि पांघरुणे मागताना रुग्ण विचारतात हे सांगता येते. आणि जे सरपंच, जिल्हा परिषद सदस्य, पत्रकार, शिक्षक हे वाचत असतील त्यांनी रुग्ण कल्याण समितीच्या पुढच्या बैठकीत एकच विषय पत्रिकेवर आणावा: आपल्या थिएटरात तापमान मोजायची वायर कुठे आहे, तिच्या कपाटाची किल्ली कोणाकडे आहे.